बोटीवरचा नमस्कार

“खाली उतरल्यावर तरी म्हणू का रे?” बोटीच्या शिडीवरून उतरता उतरता बाबांनी मागे वळून प्रमोदला विचारलं. विचारलं अगदी साधेपणानं. डब्यात शेजारी बसलेल्या माणसाला, खिडकी उघडू का, असं विचारावं तसं. पण प्रमोदच्या मागे त्याचा मित्र यशोधन होता, यशोधनच्या मागे त्याची बायको वरदा, तिच्या मागे प्रमोदची बायको कल्याणी आणि मुलगी ईरा, आणि शिडी अशी अरुंद की पुढच्याचं बोलणं मागच्याला ऐकू गेल्याशिवाय राहू नये. “काय म्हणायचंय काकांना?” यशोधननं हसत विचारलं. “श्लोक,” प्रमोदच्या तोंडून निघून गेलं. “सकाळी श्लोक म्हणायची सवय आहे त्यांना.” “अरे, मग म्हणू देत की! केबिनमध्ये अडवलंस की काय?” बाबांनी प्रमोदकडे एकदा पाहिलं, मान खाली घातली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. खोटं बोलायची प्रमोदला इतकी सवय झाली होती की ते आधी तोंडात यायचं आणि मग डोक्यात. पण हे त्यानं बाबांच्या देखत म्हटलं होतं. ज्या माणसानं जन्मात एक श्लोक पाठ केला नाही, त्याच्या तोंडी मुलानं श्लोक घातले होते.

बाबा म्हणजे बबन मोरे. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, आता सत्तरीला टेकलेले. बायको, द्रौपदी, गेल्यावर दोन वर्षं एकट्यानं काढली आणि मग सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे इंग्लंडला, बेसिंगस्टोकला आले. त्यांना म्हणायचं होतं ते दोनच शब्द: जय भीम. घराबाहेर पडल्यावर भेटेल त्याला ते जय भीम म्हणत. दूधवाल्याला, तिकीट तपासनिसाला, दवाखान्यातल्या डॉक्टरला. फोनवर राँग नंबर लागला तर त्यालाही. समोरचा उलट काय म्हणतो याची त्यांना फिकीर नसे. तो राम राम म्हणो नाहीतर हॅलो म्हणो, हे दोन शब्द झाल्याशिवाय बाबांचं पुढचं वाक्य सुरूच होत नसे. द्रौपदीला शेवटच्या दिवशी स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा तिनंही चादरीतून एक हात बाहेर काढून तेच म्हटलं होतं, आणि प्रमोदला ते बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, मीटिंगमधून बाहेर येऊन, फोनवर ऐकावं लागलं होतं. तर गॅटविकच्या विमानतळाकडे जाताना गाडीत प्रमोद समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला होता, “बाबा, बोटीवर सगळ्यांना नुसतं नमस्कार म्हणा. महाराष्ट्र मंडळाचे लोक आहेत. मिक्स ग्रुप आहे.” मागच्या सीटवरून बाबा “बरं” म्हणाले. कल्याणी खिडकीबाहेर बघत बसली होती. तिनं हे प्रकरण फार पूर्वीच नवऱ्याच्या हवाली केलं होतं: “मी आपणहून कुणाला सांगायला जाणार नाही, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुझं तू निस्तर.” आणि योग असा, की तिला कधी कुणी विचारलंच नाही.

कॅरिबियनमधल्या बार्बाडोसला विमानातून उतरून सहलीच्या बोटीवर चढल्यापासून बाबा शब्दाला जागले होते. प्रमोदला सोसवत नव्हतं ते हेच. त्यांनी हट्ट केला असता, विसरले असते, एकदा तरी चुकले असते तर त्याला चिडता आलं असतं. पण सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये कुणी समोर आलं की बाबांचा उजवा हात छातीपाशी यायचा, तिथेच अडखळायचा, मग डावा हात उठून त्याला मिळायचा आणि ते पाहुण्या माणसासारखे “नमस्कार” म्हणायचे. त्यापुढे गप्प. मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर एका चहात चार अनोळखी माणसांची सुखदुःखं काढून घेणारा हा माणूस, बोटीच्या डेकवर टॉवेल मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसायचा. ज्याला पहिला शब्दच काढायची बंदी, तो पुढचे कुठून आणणार? “काका फार शांत आहेत हं,” वरदा कौतुकानं म्हणायची. “आमच्या नानांना आणलं असतं ना, तर कॅप्टनला सल्ले दिले असते त्यांनी.”

गाव ग्रेनाडा बेटावरचं, सेंट जॉर्जेस. बंदरापासून डोंगरावर चढत गेलेली लाल कौलांची घरं, पण निम्म्या घरांवर कौलंच नव्हती. अडीच वर्षांपूर्वीच्या वादळानं ती नेली होती आणि त्या जागी निळी ताडपत्री बांधली होती. वर टेकडीवर एक चर्च बिनछपराचं उभं होतं. रस्त्यात जिकडेतिकडे पुढच्या महिन्यातल्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या पाट्या. ऊन असं की बेसिंगस्टोकच्या फेब्रुवारीतून आलेल्या कातडीला ते आधी खरंच वाटेना. सगळ्यांचं ठरलं होतं छोट्या होडीनं समुद्रकिनाऱ्यावर जायचं. बाबा म्हणाले, “तुम्ही जा. मी बाजार बघतो. वाळूत काय बघायचं?” “एकटे?” कल्याणीनं विचारलं. “मी थांबते तुमच्याबरोबर.” “कशाला? हरवायला मी काय पोर आहे? अन् बोट तर गावाहून मोठी. कुठूनबी दिसती.” प्रमोदनं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, खिशात बोटीचं कार्ड आहे का पाहिलं, चारच्या आत टर्मिनलच्या दारात या, साडेचारनंतर आत घेत नाहीत, असं दोनदा सांगितलं. बाबांच्या शिडीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यानं दिलं नाही. होडी सुटली आणि काठावरचे बाबा लहान होत गेले, तसा त्याला छातीत एकदम मोकळा श्वास आला. तो मोकळा श्वास घेतल्याची लाज मग किनारा येईपर्यंत त्याच्याबरोबर होडीत बसून राहिली.

यशोधन वाईट माणूस असता तर सगळंच सोपं झालं असतं. आठ वर्षांपूर्वी प्रमोद बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात नोकरीला लागला तेव्हा आठवडाभर यशोधनच्या सोफ्यावर झोपला होता. ईराच्या वेळी कल्याणीला मध्येच हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, तेव्हा बर्फातून गाडी चालवली ती यशोधननं, आणि वरदा पंधरा दिवस डबा देत होती. पहिल्याच भेटीत यशोधननं विचारलं होतं, “मोरे म्हणजे जावळीचे मोरे ना? इतिहासातले?” प्रमोद म्हणाला होता, “तसंच काहीतरी.” दोन शब्द. त्या वेळी वाटलं, नवा देश, नवी नोकरी, कुठे उगाच सुरुवातीलाच तोंड उघडा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण झाकलेली मूठ आठ वर्षं झाकून ठेवली की बोटं दुखायला लागतात, आणि उघडायची म्हटली तर आधी एवढी वर्षं का झाकली ते सांगावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात यशोधनच्या बागेत बार्बेक्यू होता. तिकडे भारतात राखीव जागांवरून रान पेटलं होतं आणि इकडे कणसं भाजता भाजता बोलणं तिकडेच वळलं. यशोधन म्हणाला होता, “आपल्या टीममध्ये एक बरंय बाबा, कोट्यातून कुणी येत नाही. निदान कोड तरी चालतो.” सगळे हसले. प्रमोदही हसला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, हसला नसता तरी चाललं असतं, पण तो हसला. ते हसू त्याला अजूनही रात्री दात घासताना आरशात दिसायचं.

आणि फोटो. बेसिंगस्टोकच्या घरात बाबासाहेबांचा एक फोटो होता, द्रौपदीनं मनमाडहून साड्यांत गुंडाळून पाठवलेला. तो हॉलमध्ये लावलेला असायचा, पण मंडळाचे लोक जेवायला यायचे त्या दिवशी प्रमोद तो उतरवून वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांखाली ठेवायचा. आधी दुसऱ्या दिवशी परत लावायचा. मग आठवड्यानं. मग तो तिथेच राहिला. बाबा आल्यावर तिसऱ्या दिवशी आंघोळीसाठी टॉवेल शोधत होते. प्रमोद जिन्यात उभा होता. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बाबा खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले, म्हणाले, “पाणी लई गरम येतं तुमच्याकडं,” आणि बाथरूममध्ये गेले. प्रमोदनं नंतर कपाट उघडून पाहिलं. फोटो जागचा हलला नव्हता. फक्त बाबांनी तो आपल्या धुतलेल्या उपरण्यात नीट गुंडाळून ठेवला होता, काचेला चरा पडू नये म्हणून. रागावले असते तर बरं झालं असतं, असं प्रमोदला तेव्हाही वाटलं होतं.

किनाऱ्यावर पांढरी वाळू होती, निळं पाणी होतं, माहितीपत्रकात दाखवलं होतं ते सगळं होतं. ईरा गुडघाभर पाण्यात ओरडत होती. यशोधन शेजारी वाळूत लवंडला आणि म्हणाला, “काल मी काकांशी गप्पा मारायला बसलो होतो डेकवर. म्हटलं, काका, तुमचं कुलदैवत कुठलं? आमचं जोतिबा. तर म्हणाले, प्रमोदला विचारा.” “जेजुरी,” प्रमोद म्हणाला. “खंडोबा? अरे वा! मग काकांनी का नाही सांगितलं?” “विसरतात हल्ली.” बघा, आता बापाला त्यानं विसराळूही करून टाकलं. यशोधननं काळजीनं मान हलवली. “मग रे, एकटं कसं सोडलंस त्यांना? सीरियसली, प्रमोद. अनोळखी गाव आहे.” खोटं एकटं कधी राहत नाही, लगेच पिल्लं घालतं. त्या क्षणापासून प्रमोदला खरोखरच भीती वाटू लागली. जणू त्यानं म्हटलं म्हणून बाबा आता विसरतील, बोट विसरतील, कार्ड विसरतील, कुठल्या तरी निळ्या ताडपत्रीखाली बसून राहतील. त्याला पाण्यात जाववेना. तो सारखा उठून बंदराकडे बघत होता, आणि बोट खरंच कुठूनही दिसत होती, पण बोट दिसून काय उपयोग.

चारला टर्मिनलच्या दारात बाबा नव्हते. “आजोबा कुठे गेली?” ईरानं विचारलं. तिच्या मराठीत सगळेच स्त्रीलिंगी, आजोबांनाही सूट नव्हती. “येतील,” कल्याणी म्हणाली, पण तिचे डोळे रस्त्यावर होते. मंडळाची बाकीची कुटुंबं पिशव्या सांभाळत जमत होती. “चल, मी येतो शोधायला,” यशोधन म्हणाला. “नको नको, तू थांब इथे, मी बघतो.” “वेडा आहेस का? दोघं गेलो तर लवकर होईल. माझेही काकाच आहेत ते.” आणि वडील परदेशात हरवलेल्या त्या क्षणी प्रमोदच्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? बाबा कुणाशी तरी बोलत असतील. बोलत असतील तर काय म्हणून सुरुवात केली असेल. आणि यशोधन आपल्यासोबत असेल. “तू त्या डोंगराखालच्या बोगद्याच्या बाजूला जा,” तो घाईनं म्हणाला, “मी बाजार बघतो.” यशोधन भर उन्हात, त्याच्या जाड शरीरानं, पळत सुटला. मित्राला धावताना पाहून प्रमोदला वाटलं, आपण माणूस आहोत की कोण आहोत.

बाजारात जायफळाचा वास होता. दालचिनी, जायपत्री, पिकलेली केळी, मासे, आणि या सगळ्यावर बसलेलं तापलेलं ऊन. प्रमोद पहिल्या गाळ्यापाशी थांबला आणि मासे कापणाऱ्या माणसाला विचारू लागला, एक म्हातारे गृहस्थ, भारतीय, पांढरा शर्ट. त्या माणसानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, सुरी खाली ठेवली, रक्ताळलेला हात छातीपाशी नेला आणि मोठ्यानं म्हणाला, “जय भीम!” प्रमोद जागच्या जागी उभा राहिला. पलीकडे केळी विकणारी बाई हसली आणि तिनंही म्हटलं. तिचे उच्चार वेगळेच होते, भीम लांबवलेला, गाण्यातल्यासारखा. तिच्या पुढची म्हणाली. एका खांबाला टेकून बसलेला टॅक्सीवाला म्हणाला. मनमाडपासून अर्धी पृथ्वी ओलांडून, बेसिंगस्टोकला आठ वर्षं तोंड मिटून, समुद्रातल्या एका टिकलीएवढ्या बेटावर तो आला होता, आणि इथे अख्खा बाजार त्याला हाताला धरून त्याचं नाव सांगत होता. त्यानं मागे वळून पाहिलं. यशोधन नव्हता. मागे वळून पाहिलं आपण, हे त्याला कळलं आणि कान गरम झाले. कुणालाही उलट उत्तर न देता, नुसती मान हलवत, तो एकेका गाळ्यापाशी विचारत पुढे गेला.

मसाल्याच्या गाळ्यावर एक लठ्ठ, म्हातारी बाई होती, डोक्याला फडकं बांधलेली. लोक तिला मिस आग्नेस म्हणत होते. “तू त्यांचा मुलगा,” ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच. “नाक तेच आहे. दुपारभर माझ्याकडे बसले होते. माझ्या स्टुलाचा पाय बसवून दिला. त्यांची बायको वारली, माझा नवरा वादळात गेला, आम्ही दोघं खूप बोललो.” बाबा, रेल्वेतलं इंग्रजी घेऊन, दुपारभर बोलले होते. “ते मला म्हणाले, हा आमचा नमस्कार, हा म्हटला की मान खाली घालायची नसते. मी म्हटलं, मग मला शिकवा. मग इथल्या सगळ्यांना शिकवला.” ती हसली. “तुम्हीही घरी असंच म्हणता ना?” “हो,” प्रमोद म्हणाला. आता हे खरं की खोटं ते त्याचं त्यालाच ठरवता येईना. “कुठे गेले ते?” “मघाशीच निघाले. चर्चवरून जातो म्हणाले, छप्पर नसलेलं देऊळ बघायचंय म्हणाले. पण ही पिशवी विसरले बघ.” ती खाली वाकून पिशवी शोधू लागली, पण तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला, लांबलचक, डोंगरावर आपटून परत आलेला, आणि प्रमोद पिशवीबिशवी न घेता पळत सुटला. चढावर बाबा नव्हते. बिनछपराच्या चर्चमध्ये नुसतं आभाळ होतं आणि एक कुत्रं झोपलं होतं. उतरताना त्याच्या पायात गोळे आले. लहानपणी मनमाडला वर्कशॉपचा भोंगा झाला की तो दाराशी धावत जायचा. बाबा गल्लीच्या तोंडाला दिसायचे, आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी थांबून जय भीम घेत, देत, एवढीशी गल्ली यायला त्यांना कितीतरी वेळ लागायचा. तेव्हा त्याला त्या वेळ लागण्याचा राग यायचा. तेवढा वेळ आता कुणी दिला असता तर.

टर्मिनलच्या दाराशी बाबा उभे होते. ईरा त्यांच्या हाताला लोंबकळत होती, वरदा त्यांना पाणी देत होती, घामानं निथळणारा यशोधन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, “काका, जीव घेतलात हो आमचा!” प्रमोदचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्याला एकदम रडू येईल असं वाटलं. बाबांचा चेहरा उन्हानं रापला होता आणि कितीतरी दिवसांनी जागा झाल्यासारखा दिसत होता. “वाट जरा चुकली,” ते म्हणाले. “पण मजा आली. लई चांगली माणसं.” “चला, चला, आत,” कुणीतरी म्हणालं. सगळे वळले.

आणि मागून हाक आली. “जय भीम, अंकल! जय भीम!” मिस आग्नेस रस्ता ओलांडून धापा टाकत येत होती, एका हातात कापडी पिशवी, दुसरा हात छातीपाशी. मंडळाची सगळी माणसं थांबली. वरदानं यशोधनकडे पाहिलं. यशोधनच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, त्याला ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. पण प्रमोद बघत होता बाबांकडे. बाबांचा उजवा हात सवयीनं वर निघाला, छातीशी पोचला, आणि मग त्यांनी प्रमोदकडे पाहिलं. भीतीनं पाहिलं. वर्कशॉपच्या फोरमनला न घाबरलेला, गावच्या पाटलाला न घाबरलेला हा माणूस पोटच्या मुलाला घाबरून बघत होता, हातून काचेचं भांडं फुटल्यासारखा. डावा हात उठला, उजव्याला मिळाला. “नमस्कार,” बाबा म्हणाले. “नमस्कार, बाई.”

बाई गोंधळली. थांबली. तिची मान, एवढा वेळ ताठ असलेली, किंचित खाली गेली. आपलं काही चुकलं का, उच्चार चुकला का, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तिनं पिशवी पुढे केली आणि ती कुणी घ्यावी ते कुणाला कळेना. कल्याणी पुढे होऊ लागली, पण प्रमोद आधी पोचला. पिशवीतून जायफळाचा वास येत होता. त्याच्या मागे आठ वर्षं उभी होती, सोफा, बर्फातली गाडी, बागेतलं ते हसू. त्यानं उजवा हात वर उचलला.

“जय भीम,” तो म्हणाला. बाईकडे बघून म्हणायचं होतं, पण म्हणताना तो वळला आणि बाबांकडे बघून म्हणाला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “जय भीम, बाबा.”

बाबा चटकन पुढे आले. त्यांनी प्रमोदचा वर गेलेला हात धरला आणि हळूच खाली घेतला. कुणी पाहिलं तर नाही ना, अशा नजरेनं त्यांनी मंडळाच्या माणसांकडे पाहिलं, आणि मग मुलाच्या कानाशी तोंड नेऊन, त्याला सांभाळून घेत, दबक्या आवाजात म्हणाले, “हळू बोल रे. सगळे आहेत इथं.”